पहिल्या ओळीत ‘कारागृह’ : सुटून आलेल्यांसाठी निधी शोधणाऱ्या नागपुरातल्या एका संस्थेचं प्रकरण

नागपूर मध्यवर्ती कारागृहाचं दार वर्धा रोडवर उघडतं. सुटकेचा आदेश न्यायालयातून आत पोचायला दिवस जातो, त्यामुळे माणूस बाहेर पडतो तो बहुधा संध्याकाळी. हातात एक पिशवी. शिक्षाबंदी, म्हणजे शिक्षा भोगून आलेला कैदी, असेल तर आत कमावलेल्या मजुरीचे थोडे पैसे, खटला संपायच्या आधीचा कच्चा कैदी असेल तर तेही नाहीत. रहाटे कॉलनीच्या चौकात डोक्यावरून मेट्रो जाते. सहा-सात वर्षं आत काढलेल्याने ती पाहिलेली नसते. घरचं कुणी न्यायला आलं तर ठीक. नाही आलं तर अजनी स्टेशन जवळ आहे, आणि पहिली रात्र तिथेच जाते.

त्या रात्रीसाठी आणि तिच्यानंतरच्या साधारण नव्वद दिवसांसाठी पैसे कुठून आणायचे, हा या प्रकरणाचा विषय.

संस्थेचं नाव मी देत नाही. तिथे राहणाऱ्यांचा पत्ता उघड झाला की काय होतं, ते पुढे येईलच. मी तिचा खजिनदार. राष्ट्रीयीकृत बँकेतून 2021 च्या मे महिन्यात निवृत्त झालो आणि जूनमध्ये आमच्या कॉलनीतल्या बाईंनी हिशेबाच्या वह्या माझ्यापुढे आणून ठेवल्या. बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा एक विद्यार्थी विसाव्या वर्षी आत गेला, सव्विसाव्या वर्षी निर्दोष सुटला आणि दोन महिन्यांनी बाईंना कॉटन मार्केटच्या फुटपाथवर झोपलेला दिसला. तिथून हे सुरू झालं. सोबत गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम केलेल्या एक वकीलताई, एक मेसवाल्या काकू आणि कारागृहातूनच निवृत्त झालेले एक शिक्षक. 2019 च्या सुरुवातीला न्यासाची नोंदणी झाली, मेडिकल चौकाच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एका वेळी आठ जण, जास्तीत जास्त तीन महिने.

मी आलो तेव्हा वर्षाचा खर्च कुणी सलग मांडलेला नव्हता. तो मांडला. दोन कार्यकर्त्यांचं मानधन महिना वीस हजारांप्रमाणे 4,80,000 रुपये. खोल्यांचं भाडं 1,80,000. मेसचा डबा माणशी महिना तीन हजार, आठ जणांचे 2,88,000. कागदपत्रं, प्रवास, मोबाइल रिचार्ज 96,000. आणि कामाला लागणाऱ्या चोवीस जणांना प्रत्येकी चार हजारांची हत्यारं किंवा माल, तेही 96,000. एकूण 11,40,000. जमत होते तीन लाखांच्या आसपास. उरलेल्यातलं काही बाईंच्या पेन्शनमधून जात होतं आणि काही काकूंच्या उधारीच्या वहीत चढत होतं. एक कार्यकर्ता बिनमानधनाचा होता.

या खर्चातला कागदपत्रांचा आकडा लहान दिसतो, पण माझ्या मते सगळं काम त्याच्यावर उभं आहे. माणूस आत गेला तेव्हाचा मोबाइल नंबर बंद पडून दुसऱ्याच कुणाला गेलेला असतो. आधार त्याच नंबरला जोडलेलं, म्हणून ओटीपी येत नाही. बँक खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं आणि पुन्हा चालू करायला नव्याने केवायसी लागते. त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि घरच्यांनी रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं असतं. ठेकेदार मजुरी खात्यावरच टाकतो म्हणतो, तेव्हा कामाला तयार असलेला, धडधाकट माणूस महिनाभर नुसता बसून राहतो. बँकेच्या काउंटरच्या आत बसून मी अशा खातेदारांना कित्येकदा ‘उद्या या’ म्हटलं आहे. बाहेरच्या बाजूने त्याच रांगेत उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

पहिल्या चौदा महिन्यांत आम्ही 23 ठिकाणी अर्ज पाठवले. 17 ठिकाणांहून उत्तर आलं नाही, 5 नकार आले, एकाने भेटीची तारीख दिली. त्या एका भेटीबद्दल सविस्तर लिहायचं आहे. त्याआधी बाकीची दारं का बंद होती ते सांगतो.

परदेशी निधीचा विचार सगळ्यात आधी होतो, कारण अशा कामाला बाहेरचे लोक पैसे देतात असा समज आहे. परकीय योगदान कायद्याखाली नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य कामावर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. आमची तीन वर्षांची बेरीज तिथवर जात नव्हती. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था आपल्या परदेशी निधीतून छोट्या संस्थेला वाटा देऊ शकत असे. 2020 च्या दुरुस्तीने ते बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. आम्ही हा रस्ता आठवड्याभरात सोडला. तुमची संस्था लहान असेल तर तुम्हीही त्यात वर्ष घालवू नका.

राहिला कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के या कामांवर खर्च करावे लागतात. बाहेरच्या संस्थेला तो निधी घ्यायचा तर प्राप्तिकराची 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणी, सीएसआर-1 हा नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आमची तीन वर्षं 2022 मध्ये भरली. त्याआधी केलेले अर्ज वाचले गेले नाहीत यात नवल नव्हतं.

पण त्याहून मोठी अडचण शब्दाची होती. कोणत्या कामांवर खर्च करता येईल याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक आणि गरिबी निवारण आहे, शिक्षण आहे, रोजगारक्षम कौशल्यं आणि उपजीविका आहे, सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागासांची विषमता कमी करणं आहे. कैद्यांच्या पुनर्वसनाचं नाव त्यात कुठेच नाही. नोंदींचा अर्थ उदारपणे लावावा असं केंद्राचं परिपत्रक सांगतं, तेव्हा कायद्याची आडकाठी नाही. तरी कंपनीत अर्ज वाचणारा माणूस यादी आधी बघतो. आणि त्याच्या मनात दुसरी एक यादी असते: मुली, शाळा, पाणी, झाडं, आरोग्य शिबिर. यातल्या कशावरही वार्षिक अहवालात फोटो छापता येतो.

त्या मनातल्या यादीला घाबरून मी चूक केली.

2022 च्या पावसाळ्यात मी एक प्रस्ताव लिहिला. नाव दिलं: ‘वंचित युवकांसाठी उपजीविका कौशल्य प्रकल्प’. वायरमनचं आणि प्लंबिंगचं काम शिकवणं, हत्यारांचा संच, सहा महिन्यांचा पाठपुरावा, मागणी सहा लाखांची. सगळे आकडे खरे होते. संस्थेची माहिती देताना ‘सामाजिकदृष्ट्या कठीण परिस्थितीतून आलेले तरुण’ असं लिहिलं. कारागृह हा शब्द आठ पानांत एकदाही आला नाही. वकीलताईंनी मसुदा वाचून विचारलं, “हे कोण तरुण, ते कळणार कसं त्यांना?” मी म्हटलं, आधी दार तर उघडू दे, मग सांगू. बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी थांबलो असतो, पण दोष त्यांचा नाही. लिहिणारा मी होतो.

शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने हा प्रस्ताव निवडला आणि दोन अधिकारी भेटीला आले. चांगले, कळकळीने विचारणारे लोक होते. खोलीत सहा जण बसले होते. त्यातल्या एका मॅडमनी एका मुलाला विचारलं, “याआधी काय करत होतास?” त्याने सरळ सांगितलं, “आत होतो मॅडम. तीनशे दोनमध्ये. पाच वर्षं. मग सुटलो.” त्याला लपवायला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तसं सांगायची माझी हिंमतही झाली नसती. मॅडम काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी प्रस्तावाची पानं उलटून पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चहा घेतला, नमस्कार केला, गेल्या. आठवड्याने दोन ओळींची ईमेल आली: यंदा आमचे प्राधान्यक्रम वेगळे आहेत.

त्यांना आमच्या लोकांची भीती वाटली असेलही. पण मी त्यांच्या जागी असतो तर मलाही आधी प्रश्न पडला असता की या माणसाने आणखी काय लपवलंय. बँकेत कर्जाच्या अर्जात एक महत्त्वाची गोष्ट दडवलेली सापडली की मी बाकीचे खरे कागदही बाजूला ठेवत असे.

खरा धक्का त्या संध्याकाळी बसला. तो मुलगा डबा घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काका, तुमी आमाले लपवून पैसे मांगत होते काय?”

मी हो म्हणालो.

त्यानंतर तीन महिने आम्ही एकही अर्ज पाठवला नाही. दर रविवारी सकाळी सगळे बसून एकाच गोष्टीवर बोललो: पहिल्या ओळीत काय लिहायचं. ‘गुन्हेगार’ चुकीचा होता, आणि हे भावनेपोटी म्हणत नाही. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातली सुमारे 76 टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही अशी. आमच्याकडे येणाऱ्यांतही बहुतेक जामिनावर किंवा निर्दोष सुटलेले. ‘माजी कैदी’ म्हटलं की तो शिक्का कायमचा होतो. ‘बंदी’ हा कारागृहाचा अधिकृत शब्द, पण बाहेरच्याला तो मनाईहुकमासारखा ऐकू येतो. शेवटी साधं ठरलं: ‘नागपूर मध्यवर्ती कारागृहातून सुटून आलेल्या माणसांना पहिले नव्वद दिवस राहायला जागा, कागदपत्रं आणि काम मिळवून देणं हे आमचं काम आहे.’ तेव्हापासून प्रत्येक अर्जाची पहिली ओळ हीच. ज्याला हा शब्द नको आहे तो तिथेच थांबतो. त्याचा वेळ वाचतो, आमचाही.

दुसरा बदल हिशेबातला. आधी आम्ही 11,40,000 एकत्र मागायचो. आता खर्चाचा प्रत्येक तुकडा वेगळा काढला आणि कोणता तुकडा कुणी उचलावा हे ठरवलं.

सगळ्यात आधी, सरकारकडून जे हक्काने मिळू शकतं ते दानातून मागायचं नाही असं ठरवलं. मुक्त बंद्यांना व्यवसायासाठी सहायक अनुदानाची योजना महिला व बाल विकास विभागाकडे आहे आणि त्यासाठी जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडे जावं लागतं. जामिनाची रक्कम भरता न आल्याने अडकलेल्या गरीब न्यायाधीन बंद्यासाठी केंद्राच्या 2023 च्या योजनेत (सुरुवातीच्या मर्यादेनुसार) 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्यासाठी 25,000 पर्यंत मदत होऊ शकते. ते वकीलताई प्राधिकरणाकडून करून घेतात. शिक्षा भोगणाऱ्यांसाठी राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्ज योजना 2022 मध्ये सुरू झाली, 50,000 पर्यंत, सात टक्क्यांनी, आतल्या मजुरीवर. यातून संस्थेच्या खात्यात रुपया येत नाही. पण देणगीदाराला सांगता येतं की तुमचा पैसा आम्ही सरकारी मदतीच्या जागी वापरत नाही. हे वाक्य ऐकून समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो, असं मी अनेकदा पाहिलंय. मात्र सरकारी योजनांमध्ये एक मोठी फट आहे. सुटकेनंतरच्या मदतीची सगळी कल्पना शिक्षा भोगून आलेल्याभोवती बांधलेली आहे. जामिनावर सुटलेला तिच्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 जुलै 2024 पासून लागू झालं. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. म्हणजे अशी माणसं वाढणार, आणि त्यांना घेऊन जाणारं कुणी नाही.

हत्यारांचे 96,000 शहरातल्या सेवाभावी क्लबांकडे नेले. त्यांना एकदाच द्यायला आणि वस्तू द्यायला आवडतं. वायरमनची पिशवी, चहाच्या टपरीची शेगडी, इस्त्री, गवंड्याची हत्यारं हे त्यांच्या स्वभावात बसतं. इथे फोटोचा प्रश्न आला. एका क्लबला पिशवी स्वीकारणाऱ्याचा चेहरा हवा होता. आम्ही नाही म्हणालो. ज्याने आत्ताच नव्या वस्तीत खोली घेतलीय त्याचा चेहरा ‘सुटलेला कैदी’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरला तर चार हजारांच्या पिशवीची किंमत त्याला घरमालकाच्या नोटिशीने मोजावी लागेल. त्या क्लबने मदत केली नाही. दुसऱ्या दोघांनी हत्यारांचे फोटो चालवून घेतले.

एका कार्यकर्त्याचं मानधन, 2,40,000, इतवारीतल्या एका व्यापारी घराण्याच्या जुन्या धर्मादाय न्यासाने उचललं. असे न्यास नागपुरात बरेच आहेत. जाहिरात करत नाहीत, वेबसाइट नसते, पण सार्वजनिक न्यास म्हणून त्यांची नोंद धर्मादाय सह आयुक्तांकडे असते आणि न्यासाचे उद्देश लिहिलेले असतात. वकीलताईंनी ते उद्देश वाचायची सवय लावली. या न्यासाच्या उद्देशांत ‘निराधारांस अन्न, वस्त्र व आसरा’ असं होतं. आमच्या खोल्यांचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. भेटीत न्यासाचे वयोवृद्ध अध्यक्ष म्हणाले, “यातला एखादा माझ्या दुकानात चोरी करून आत गेलेला असला तर?” बाई म्हणाल्या, “असू शकतो.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितलं की बेचाळीसच्या आंदोलनात त्यांचे वडील याच जेलमध्ये होते आणि सुटून आल्यावर त्यांना घेऊन यायला अख्खी गल्ली गेली होती. दोन वर्षांसाठी होकार दिला. दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल दाखवा, एवढीच अट.

कंपनी निधीकडे पुन्हा वळलो ते 2023 मध्ये. मागणी 3,36,000 एवढीच: दुसरा कार्यकर्ता आणि कागदपत्रं-प्रवासाचा तुकडा. पूर्वी आम्ही वर्षभर जमेल तसे अर्ज टाकायचो. आता दिवाळी ते जानेवारीत पाठवतो, कारण पुढच्या वर्षाचं नियोजन त्यानंतर होतं. आणि फेब्रुवारीसाठी पन्नास हजारांच्या आतली एखादी तयार मागणी हाताशी ठेवतो, कारण मार्चच्या तोंडावर उरलेली रक्कम खर्च करायची घाई असते. आणखी एक गोष्ट कामी आली. कायदा सांगतो की कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, पण त्यांच्या नागपूर जिल्ह्यातल्या खाणी उमरेड, सावनेर, रामटेककडच्या पट्ट्यात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांचा परिसर वेगळा. म्हणून आम्ही सुटून आलेल्यांची नोंद तालुक्यावर केली. ‘तुमच्या कारखान्याच्या तालुक्यातले अकरा जण मागच्या दोन वर्षांत आमच्याकडे राहून गेले’ हे वाक्य लिहिता आलं आणि अर्ज वरच्या टेबलावर गेला.

तिथे प्रश्न आला: यश मोजणार कसं?

या प्रश्नावर अनेक संस्था अडकतात, कारण ‘पुन्हा गुन्हा केला नाही’ हाच आकडा समोरच्याला हवा असतो. तो आम्ही दिला नाही. नव्वद दिवसांनंतर माणूस कुठे जातो त्यावर आमची नजर नसते आणि असूही नये. जुन्या केसमध्ये पुन्हा अटक झाली तर तो नवा गुन्हा नसतो, पण आकड्यात तसाच दिसतो. त्याऐवजी चार गोष्टी लिहून दिल्या. साठ दिवसांत आधार आणि बँक खातं चालू झालं का. नव्वद दिवसांत किमान पंचेचाळीस दिवस मजुरी मिळाली का. घरच्यांपैकी एकाशी तरी बोलणं सुरू झालं का. आणि कोर्टाची तारीख चुकली का. ही चौथी सगळ्यात महत्त्वाची. जामिनावरचा माणूस तारखेला गेला नाही की वॉरंट निघतं, जामीनदार अडचणीत येतो आणि माणूस पुन्हा आत जातो, कोणताही नवा गुन्हा न करता. तारीख चुकायची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात: ठेकेदार सुट्टी देत नाही, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टापर्यंत जायला पैसे नाहीत, मेसेज जुन्या नंबरवर गेला. भिंतीवर एक मोठं कॅलेंडर, आदल्या दिवशी फोन आणि बसभाडं. कंपनीच्या समितीतल्या एका हिशेबनीसांनी हे वाचून विचारलं, “एवढ्यावर माणूस आत जायचा वाचतो?” होय, वाचतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून याच समजुतीवर उभा आहे, की अटकेतल्या आणि सुटलेल्या माणसाला शिक्षित सामाजिक कार्यकर्त्याची सोबत हवी. आम्ही तो दाखला अर्जात दिला होता.

मंजुरी आली. पैसे दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर. प्रमाणपत्र आम्ही वेळेत दिलं, पण मधली तपासणी लांबली आणि हप्ता अकरा आठवडे उशिरा आला. या काळात कार्यकर्त्याचं मानधन आम्ही वर्गणीतून दिलं आणि मेसवाल्या काकूंनी पुन्हा वही उघडली. अनुदान मंजूर झालं म्हणजे पैसे हातात आले असं समजून खर्च वाढवू नका. किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर मंजूर अनुदानच संस्थेला बुडवू शकतं.

उरलेले 4,68,000, म्हणजे भाडं आणि जेवण, गावातल्या लोकांकडून. धंतोली-रामदासपेठेतले काही डॉक्टर, वकीलताईंचे सहकारी, माझ्या बँकेतले निवृत्त मित्र. आईवडिलांच्या पुण्यतिथीला एका दिवसाचं जेवण, दीक्षाभूमीच्या सोहळ्यानंतर काही घरांकडून वर्षाचा शिधा. 80जीचं आकर्षण मात्र कमी होत चाललंय. नव्या करप्रणालीत गेलेल्याला ती वजावट मिळत नाही. त्यामुळे पावती दाखवून मागण्यापेक्षा मी आता महिना पाचशे रुपये बँकेतून आपोआप वळते करायचा फॉर्म पुढे करतो. रक्कम छोटी, पण ती पहिल्या तारखेला येते.

या पाचशे-पाचशेंचं मोल 2024 च्या गणपतीआधी कळलं. सणाच्या तोंडावर पोलीस चौकशीला आले. त्यांचं कामच ते, आमची नोंदवही पाहिली आणि गेले. पण गल्लीने पाहिलं. चौथ्या दिवशी घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितलं, हात जोडून सांगितलं. नवी जागा शोधायला, तीन महिन्यांचं डिपॉझिट भरायला, सामान हलवायला 61,000 लागले. कंपनीच्या अंदाजपत्रकात अशा खर्चाचा रकाना नव्हता आणि परवानगी मागायला दीड महिना लागला असता. न्यासाचा पैसा मानधनासाठी बांधलेला. ज्या पैशावर कुणाची अट नव्हती तो गावातल्या लोकांचा, त्यातूनच आठ जणांची ती रात्र छपराखाली गेली. तेव्हापासून प्रत्येक अर्जात ‘जागा सोडावी लागल्यास’ अशी एक ओळ मी घालतो. दोघांनी ती खोडली, एकाने ठेवली.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला होता, तो आता आमचा एक कार्यकर्ता आहे. न्यासाला त्याचं नाव आणि केस आम्ही आधीच लिहून कळवली होती. संध्याकाळी जेलच्या दाराशी तोच उभा असतो.

एक काम मात्र अजून कुठल्याच तुकड्यात बसलेलं नाही. दोन्ही खोल्या पुरुषांच्या. सुटून आलेल्या बाईला घ्यायला बहुतेक वेळा कुणीच येत नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं, मुलं नातेवाइकांकडे किंवा संस्थेत वाटलेली. तिच्यासाठी वेगळी जागा, रात्री राहणारी एक बाई आणि मुलांना भेटायला जाण्याचं भाडं, असा 5,16,000 चा प्रस्ताव पाच ठिकाणी दिला आहे, पहिली ओळ तीच ठेवून. महिला सक्षमीकरणासाठी निधी असलेल्या दोन ठिकाणी तो आवडला असं कळलं, निर्णय मार्चनंतर. सध्या दोन बायका आहेत. एक मोर्शीकडची, एक इथलीच, गिट्टीखदानची. दोघी बाईंच्या घरी समोरच्या खोलीत राहतात आणि बाईंनी त्यांच्या जेवणाचा खर्च माझ्या वहीत लिहू द्यायला नकार दिला आहे.